खून, ट्रॅक्टर आणि आरटीओ: डिझेल जीपवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

'जुना सारथी', नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण हवेतली नाही. सरकारी खात्याच्या जीपवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने ती लिहिली आहे हे ओळीओळीला कळतं. म्हणून 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद' म्हणून सटकत नाही, सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या सीजे-३बी जीपमध्ये, म्हणजे विलीज या अमेरिकन कंपनीच्या रचनेच्या जुन्या जीपमध्ये, मी घरच्या शेडमध्ये महिंद्राचं २.५ लिटरचं एमडीआय डिझेल इंजिन बसवलं आणि त्यावर लेख लिहिला. सारथींचं म्हणणं असं: विलीजचं पेट्रोल इंजिन काढून ट्रॅक्टरचं मशीन घातलं, म्हणजे गाडीचा खून केला. घालायचंच होतं तर स्विफ्टचं घालायचं. तीन गिअरची जुनी पेटी सहा महिन्यांत जाईल, गाडी हायवेला पन्नासच्या वर पळणार नाही, पैसे वाचणार नाहीत, आरटीओ पास करणार नाही. आणि शेवटी, 'तुमचं वाचून चार पोरं अंगणात चेन पुली टांगतील आणि कुणाचा तरी पाय जाईल.'

पहिल्यांदा खुनाचं बघू. प्रेत माझ्या हाती आलं तेव्हा थंड झालेलं होतं. जीपचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन ऐंशीच्या दशकातच आधीच्या मालकाने काढलं होतं. त्या काळात हे किती सर्रास चालायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. १९७३ नंतर पेट्रोल महागलं, डिझेल त्या मानाने बरंच स्वस्त राहिलं, आणि गावोगावच्या जीपमध्ये पर्किन्स, मॅटाडोरचं, ट्रॅक्टरचं, जे हाताला लागेल ते डिझेल बसलं. माझ्या जीपमध्ये महिंद्राचं २३५० सीसीचं बसलं होतं, आणि ते ब्लॉकला तडा जाऊन मेलं. मी काढलं ते हे.

हरिकेनबद्दलचं तुमचं प्रेम मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी ती एफ-हेड रचना. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. सीजे-३बीचं ते नाक वर केलेलं थोबाड त्या इंजिनामुळेच आहे. कुणाकडे आज चालू हरिकेन असलेली पेट्रोल जीप असेल तर माझा सल्ला तुमच्यासारखाच आहे: हात लावू नका. कार्ब्युरेटर साफ करा, वायरिंग नवीन घ्या आणि गुमान चालवा. पण माझ्या आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात कित्येक वर्षं 'डिझेल' लिहिलेलं आहे. मी हरिकेन शोधून आणून बसवलं असतं, तर कागदोपत्री तोच बदल बेकायदा ठरला असता!

आता 'ट्रॅक्टरचं मशीन'. हो, आहेच. बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. इंचातल्या या मापांतूनच त्याचं कूळ कळतं. पण मला ते त्याच कारणासाठी हवं होतं. पंप मेकॅनिकल, नोझल साधे, डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे हीटर प्लगची भानगड नाही. चालू झाल्यावर त्याला हवा आणि डिझेल सोडून कशाचीही गरज नाही. बोलेरोमुळे या घराण्यातल्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि ते उघडता येणारा मिस्त्री तर बाजाराच्या कुठल्याही गावात भेटतो.

स्विफ्टचं १.३ मल्टिजेट उत्तम इंजिन आहे, वाद नाही. ताकद जास्त, वजन कमी. पण ते स्विफ्टमध्ये आडवं बसतं. जीपमध्ये उभं बसवायचं तर त्याला मागे कुठली गिअरपेटी जोडायची इथून प्रश्न सुरू होतो. मग ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), चावीचा इमोबिलायझर, अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर, वायरिंगचं अख्खं हार्नेस. त्याच्या कॉमन रेलला, म्हणजे फार जास्त दाबाने डिझेल सोडणाऱ्या यंत्रणेला, डिझेलही स्वच्छ लागतं, आणि आपल्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालची, आतून पन्नास वर्षांचा गंज. ती टाकी धुऊन, आतून बघून, पुढे पाणी वेगळं करणारा फिल्टर लावल्याशिवाय मी साध्या पंपालाही तिचं डिझेल पाजलं नाही.

गिअरपेटीबद्दल तुमचं निदान बरोबर, पण ते मला लागू नाही. टी-९०, म्हणजे ती तीन गिअरची जुनी पेटी, मी वापरलीच नाही. खरं तर टॉर्कचे आकडे पाहिले तर हरिकेनचाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १५५ न्यूटन मीटरच्या आसपास आहे, आणि टर्बो नसलेलं हे डिझेल त्याच्या फार पुढे नाही. पेटी मोडते ती डिझेलच्या प्रत्येक ठोक्याच्या दणक्याने. म्हणून भंगारातल्या महिंद्रा जीपमधून इंजिन, बेल हाउसिंग (इंजिन आणि पेटी जोडणारं कवच), चार गिअरची पेटी आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) असा अख्खा सेट घेतला. अ‍ॅडॉप्टर प्लेट करून एकाचं इंजिन दुसऱ्याच्या पेटीला जोडायचं म्हटलं की लेथवाल्याच्या हातावर सगळं येतं. इंजिन आणि पेटीचा मध्य जुळवताना जरा जरी चुकला तर पेटीचं पुढचं बेअरिंग आणि क्लच प्लेट खात राहते. सेट घेतला की तो प्रश्न मुळातच राहत नाही. सेट पाहायला गेलात तर एवढं बघा: विलीजचे पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल (चाकांना ताकद देणारे गिअरचे गोळे) मधोमध नसून उजव्या अंगाला आहेत, तेव्हा ट्रान्सफर केसची तोंडंही त्याच अंगाला हवीत.

पण घोडं पेंड खातं ते पुढे. ही जीप ८० इंच व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत एवढंच अंतर. नवा सेट जुन्यापेक्षा लांब. म्हणजे मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आखूड होतो आणि त्याचा उतार वाढतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन सारखे नसले तर चाळिशीच्या वेगाला गाडी थरथरायला लागते आणि मग लोक इंजिन माउंटिंगला शिव्या देत बसतात. इंजिन होता होईल तेवढं पुढे सरकवणं हा उपाय, पण पुढे रेडिएटर आहे आणि खाली पुढचा अ‍ॅक्सल.

याच जागी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. जीप सपाट जागी उभी असते तेव्हा ऑइल चेंबर आणि अ‍ॅक्सल यांच्यात भरपूर जागा दिसते. खड्ड्यात चाक वर आलं की ती संपते. ते मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. इंजिन तात्पुरत्या माउंटिंगवर टेकवलं, घरातून कणकेचा गोळा आणला आणि चेंबरच्या तळाला जिथे अ‍ॅक्सल लागेल असं वाटलं तिथे चिकटवला. मग एका बाजूच्या चाकाखाली जॅक लावून पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पूर्ण दबून रबरी बंपला टेकेपर्यंत वर घेतलं, खाली उतरवलं. कणीक एका कडेला चपटी होऊन जेमतेम कागदाएवढी उरली होती. म्हणजे पहिल्याच ओढ्यात चेंबर फुटला असता. चेंबर त्या कडेला कापून आत घेतला, गेलेलं ऑइल भरून काढायला मागच्या अंगाला खोल केला, आणि पुन्हा कणीक लावली. आता तिथे बोटभर जागा आहे. (घरातून कणकेबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.)

वेगाचा हिशेब तुम्हीच करून बघा. या जीपच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८, म्हणजे क्राऊन या मोठ्या चक्राला ४३ दाते, पिनियन या छोट्याला ८. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. टॉप गिअरला इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर फिरलं, तर वेग येतो ७८ किलोमीटर. तो अखेरचा. आरामात २४०० वर चालवली तर ५९. तुमचे पन्नास थोडे कमी पडले, पण ते जाऊ द्या, मुद्दा तुमचाच खरा आहे: ही हायवेची गाडी नाही. मी ती तशी केलीच नाही. उलट्या बाजूने बघा. अगदी जुन्या तीन गिअरच्या पेटीचा पहिला २.८० आणि ट्रान्सफरचा लो २.४६ धरला, तरी एकूण रेशो ३७ होतो. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला गाडी ताशी तीन किलोमीटरच्याही खाली चालते, क्लच न दाबता, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता. चार गिअरच्या पेटीत त्याहूनही सावकाश. भोर-वेल्ह्याकडच्या पावसाळी वाटांवर मला तेच हवं. ज्याला हायवे हवा त्याने क्राऊन-पिनियन बदलावं, पण पुढचं आणि मागचं दोन्ही. एकच बदलून डांबरावर फोर-व्हील टाकलीत तर ट्रान्सफर केसचे दाते मोजायला बसावं लागेल.

पैशाच्या बाबतीत मी तुमच्याही पुढे जाऊन सांगतो: वाचत नाहीत. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून सुटलं, आणि दोन्हींतली जुनी दरी बुजत गेली. वर्षाला २००० किलोमीटर धरा. पेट्रोल जीप लिटरला ८ देईल, डिझेल १२ देईल असं उदारपणे धरा. पेट्रोलचा भाव १०४ आणि डिझेलचा ९० रुपये धरला, तर एकीकडे २६,००० होतात, दुसरीकडे १५,०००. वर्षाचे ११,००० वाचले. सेट, पंप-नोझलचं काम, रेडिएटर, शाफ्ट, पाटे, असा सगळा खर्च दीड लाख धरला तर वसूल व्हायला तेरा-चौदा वर्षं. तोवर इंजिन पुन्हा उघडायला आलेलं असेल. मायलेजसाठी कुणी हे करत असेल तर त्याने करू नये.

आरटीओ. इथे माझ्या लेखात एकच वाक्य होतं, ते आता सोडवून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या किटसाठी वेगळी वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. तेव्हा आज पेट्रोल आरसीची जीप घेऊन, डिझेल टाकून, मग एजंटला गाठून बघू, असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. माझी गाडी डिझेल म्हणून आधीपासून नोंदलेली, नवं इंजिनही त्याच कंपनीचं. तरीसुद्धा मी सेट गाडीत बसवण्याआधी कार्यालयात लेखी अर्ज दिला, इंजिनाचं बिल जोडलं, गाडी तपासून घेतली, आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढल्यावर विमा कंपनीला कळवलं. चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडू नये म्हणून बिल आणि नंबर यांची पडताळणी तर हवीच. तुमच्या कार्यालयाने नाही म्हटलं तर नाही. अपघात झाला आणि बॉनेटखाली वेगळंच इंजिन निघालं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

राहिली ती चेन पुली टांगणारी पोरं. स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला आणि आंब्याच्या फांदीला इंजिन टांगलेलं मीही पाहिलंय. मी लोखंडी चौकट भाड्याने आणली होती, आणि इंजिन टांगलेलं असताना त्याच्या खाली कुणीही जायचं नाही हा शेडचा नियम होता. विलीजची आणखी एक खोड तुम्हाला माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो: तिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलरवर लागतो. प्रॉपेलर काढला की हँडब्रेक गेला. चाकांना दगड लावल्याशिवाय खाली शिरू नका. पेट्रोलची गाडी असेल तर गॅस कटर शेडमध्ये आणण्याआधी टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा.

पहिल्यांदा चालू करतानाचं भय वेगळं. हँड प्रायमरने पंप मारत हवा काढली, फिल्टरच्या स्क्रूतून आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार आली. नोझलचे नट सैल करून सेल्फ मारताना हात लांब ठेवायचा. त्या दाबाची बारीक फवार कातडीच्या आत शिरते आणि मग थेट शस्त्रक्रिया. डिझेल चावीने बंद होतंच असं नाही, म्हणून एक जण स्टॉप केबलवर आणि दुसरा इनटेकच्या तोंडाशी जाड सपाट फळी घेऊन उभा. गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) अडकला आणि इंजिन पळत सुटलं तर हवा कोंडणं एवढाच इलाज उरतो. फळी वापरावी लागली नाही. पुढच्या वेळीही ती हातात असेल.

तुमचा शेवटचा तांत्रिक प्रश्न, पुढचे पाटे तेच ठेवले का. नाही. हे इंजिन हरिकेनपेक्षा बरंच जड, त्यामुळे नाक बसलं होतं. पुढे एकेक पाटा वाढवला आणि यू-बोल्ट नवे, लांब घेतले. ब्रेक अजून ९ इंची ड्रमचेच आहेत, लायनिंग आणि सिलिंडर नवीन. घाटात उतरताना ते कमी पडतात असं माझं मत झालंय, मोठ्या ड्रमचा सेट शोधतोय. तुमच्या ओळखीत नाना पेठेत किंवा कुर्ल्याला कुणाकडे चांगला असेल तर खाली जरूर लिहा.