पोर्ट टोबॅको : नावात तंबाखू नंतर आला

अमेरिकेतल्या मेरीलँडमधलं पोर्ट टोबॅको हे चार्ल्स काउंटीचं जुनं मुख्य ठाणं. ‘तंबाखूचं बंदर म्हणून हे नाव पडलं आणि १८९२ च्या आगीत गाव संपलं’ असा एक मजकूर सध्या फिरतोय. वाचायला छान आहे, पण खरा नाही.

इंग्रज शोधप्रवासी कॅप्टन जॉन स्मिथ १६०८ मध्ये पोटोमॅक नदीतून वर गेला, तेव्हाच इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीचं नाव त्याने ‘पोटापाको’ असं नोंदवलं होतं. मेरीलँडची वसाहतच मुळी १६३४ ची! पुढे गुलामांच्या श्रमावर तंबाखू फोफावला आणि इंग्रजांच्या जिभेवर पोटापाकोचं पोर्ट टोबॅको होऊन बसलं.

आग लागली, त्यात न्यायालयाची इमारत जळाली, हे खरं. पण गावाची घसरण त्याच्या कितीतरी आधीची. तंबाखूसाठी जंगल तोडलं, माती वाहून आली, गावाजवळची पोर्ट टोबॅको नदी गाळाने भरली आणि जहाजं येईनाशी झाली. १८७३ मध्ये सुरू झालेली रेल्वेही गावाला वळसा घालून गेली. त्याच रेल्वेवरच्या ला प्लाटाला १८९५ मध्ये काउंटीचं ठाणं हललं.