हजेरी कमी, पण कुणाच्या पटावर?

कोल्हापुरात सध्या एक मजकूर फिरतोय: 'खेड्यातल्या पालकांना शिक्षणाची किंमत नाही, म्हणून तिथं प्राथमिक शाळेची हजेरी कमी. शहरात हा प्रश्नच नाही. "असर"चे आकडे बघा आणि शाहू महाराजांसारखा पालकांना दंड लावा.'

आकडे बघूच. 'असर' म्हणजे 'प्रथम' संस्थेची मुलांच्या शिक्षणाची पाहणी. 2022 चा 'असर' ग्रामीण भागाचा आहे; शहर त्यात नाहीच, मग तुलना कशाशी केली? त्यात देशभरातल्या 6 ते 14 वयाच्या 98.4 टक्के मुलांची नावं पटावर होती. पाहणीच्या दिवशी सरकारी प्राथमिक शाळांत हजर सापडली पटावरची 73 टक्क्यांच्या आसपास मुलं. नाव घालायला पालक चुकलेले नाहीत.

टक्केवारीचीही गंमत आहे. गगनबावड्याकडच्या 12 पटाच्या शाळेत ओढ्याला पाणी आलं आणि एकाच धनगरवाड्यावरची तीन भावंडं अडकली, की हजेरी 75 टक्के. शहरात 400 च्या पटावर तिघं नसली तर 99 च्या वर. पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आत शाळा हवी असं कायदा म्हणतो. जुलैत त्या किलोमीटरात काय असतं ते विचारत नाही.

शहरात प्रश्न नाही? बांधकामावरच्या मजुरांची जी मुलं कुठल्याच पटावर नाहीत, ती गैरहजरही लागत नाहीत.

दंडाचं म्हणाल तर महाराजांनी 1917 मध्ये शिक्षण सक्तीचं केलं तसं मोफतही केलं. मजकुरात एवढंच गळलंय.

खरा घोळ ऊसतोडीत आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या येतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. मूल गैरहजर लागतं बीडच्या पटावर. राहतं मात्र आपल्या शिवारातल्या खोपीत. बैलगाडीवाले कारखान्याजवळच मुक्काम करतात, त्यांची मुलं जवळच्या शाळेत हंगामभर बसू शकतात. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या उसाचा फड संपला की गाव बदलतात, तिथं नाव घालेपर्यंत खोप मोडलेली असते. म्हणून टोळी उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात इथल्या शाळेनं मुकादमाकडून मुलांची यादी घ्यावी आणि मूळ शाळेला फोन करून नाव कमी होऊ देऊ नये. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, तरी अडवतात. एवढं करूनही थोरली मुलगी येत नाही, कारण आईबाप पहाटेच फडात गेलेले आणि धाकटं तिच्या कडेवर. आधी त्या धाकट्याला अंगणवाडीत घ्यावं लागतं.