आवाज तिकडेच राहिला का?

नववीतल्या भाचीचं गणित: कड्यासमोर टाळी वाजवली, प्रतिध्वनी 3 सेकंदांनी आला, कडा किती लांब? मी वेग 344 मीटर प्रति सेकंद धरला, गुणिले 3 केलं आणि 1032 मीटर असं ठणकावून सांगितलं. आमच्याच सोफ्यावर आमचाच पेपर वाचत बसलेल्या शेजारच्या अप्पांनी पेपर खालीही न करता विचारलं, "आवाज तिकडेच राहायला गेला का?"

भागिले 2. माहीत आहे हो! 3 सेकंद जाण्यायेण्याचे, अंतर हवंय एकेरी, म्हणजे 516. विजेच्या गडगडाटाला मात्र भागिले 2 लावायचं नाही; तो एकेरीच येतो, 3 सेकंदांना साधारण किलोमीटर. हे मी सांगायला गेलो, पण अप्पांना आता चेव चढला होता.

"टाळी जोरात वाजवली असती तर लवकर आला असता."

"जोर वाढला की आयाम, म्हणजे लहरीची उंची वाढते, अप्पा. वेग तोच."

"मग मी हळू हाक मारली तर आमच्या हिला पोचत का नाही?"

"पोचते. तेवढ्याच वेळात पोचते."

"मग ओ का देत नाही?"

याला सूत्र नाही. मी ढोल-ताशाकडे वळलो. पथक लांब असलं तरी ढोलाचा ठोका आणि ताशाची तडतड एकत्रच कानावर येते. जाड आवाज मागे आणि बारीक पुढे असं होत असतं, तर सगळा ताल विस्कटला असता.

"आमच्या गल्लीतलं पथक तसंच वाजवतं," अप्पा म्हणाले.

भाचीने तोवर पुढचं गणित सोडवलं होतं. वारंवारिता 2 किलोहर्ट्झ, तरंगलांबी 17.2 सेंटिमीटर, आवाजाचा वेग किती? दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग, म्हणून हिने सरळ गुणून 34.4 मीटर प्रति सेकंद लिहिलं. म्हणजे ताशी जेमतेम 124 किलोमीटर! ताशी 130 ने धावणारी रेल्वे आधी निघून जाणार आणि तिचा भोंगा मागून धापा टाकत येणार. आधी 2000 हर्ट्झ आणि 0.172 मीटर करायचं, मग गुणायचं: 344. एककं न बदलता गुणणं ही या धड्यातली सगळ्यात लाडकी चूक.

शेवटी उत्तरांचं पान उघडलं. कड्याचं उत्तर: 510 मीटर. त्यांनी वेग 340 धरला होता, आणि गणितात त्याचा उल्लेख नाही! हवेतला वेग शून्य अंशाला 331, पुढे दर अंशाला 0.6 ने वाढतो. 344 साधारण 22 अंशांना, 340 म्हणजे 15 अंश. उन्हाळ्यात 40 अंशांना 355 होतो. एवढं बदलणारं तापमान गणितात द्यायचं नाही आणि 516 लिहिणाऱ्या पोराचे गुण मात्र कापायचे. दोन शब्द छापायला शाई किती लागते?

अप्पांनी पेपराची घडी घातली. भाचीला म्हणाले, "परीक्षेला स्वेटर घालून जा."