रोमन सहिष्णुतेचा मेसेज आणि ब्राँझचा एक पत्रा

एक मेसेज वरचेवर फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं: प्राचीन रोममध्ये प्रत्येक देवाला जागा होती. अनेक देव मानणारे लोक धर्मावरून कुणाचा जीव घेत नाहीत. धार्मिक छळ सुरू झाला तो ख्रिस्ती धर्म सत्तेवर आल्यावर. आणि पाँपेईत तर लक्ष्मीचीही पूजा व्हायची. मला तो अशा माणसांकडूनही आला आहे ज्यांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच एकेक विधान नीट तपासावंसं वाटलं.

"प्रत्येक देवाला जागा होती." हे अर्धं खरं आहे. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून होता तेव्हा, इ.स.पू. 204 मध्ये, रोमने आशिया मायनरमधून महामाता सिबिलीची काळी शिळा मानाने आणली. पुढे पॅलाटाइन टेकडीवर तिचं देऊळ उभं राहिलं. पण तिचे पुजारी स्वतःचं पुरुषत्व छाटून घेत, आणि रोमन नागरिकाला तसा पुजारी होण्याची मनाई होती. देवी रोमची झाली, तिचं पौरोहित्य परक्यांकडेच राहिलं.

इजिप्तच्या इसिसची कथा आणखी वेडीवाकडी आहे. सम्राट येण्याआधीच्या रोमन प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात सिनेटने, म्हणजे रोमच्या बड्या सरदारांच्या सभेने, तिच्या वेद्या पुन्हा पुन्हा पाडायला लावल्या. एकदा मजूर देवळाला हात लावायला धजेनात, तेव्हा खुद्द कॉन्सलने, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, अंगावरचा टोगा हा मानाचा झगा उतरवून दारावर कुऱ्हाड घातली, असं रोमन लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमस लिहितो. सम्राट टायबेरियसच्या काळात तर तिच्या पुजाऱ्यांना क्रुसावर चढवलं आणि मूर्ती टायबर नदीत फेकली, असं ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो. आणि तरीही इ.स. 62 च्या भूकंपात पडलेलं पाँपेईतलं इसिसचं देऊळ एका सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने पुन्हा बांधलं गेलं, आणि त्याबद्दल त्या पोराला नगरसभेत घेतलं. जागा मिळायची, हे खरंच. पण ती सत्ता द्यायची आणि सत्ताच काढून घ्यायची.

"धर्मावरून कुणाचा जीव घेत नाहीत." इथे मला थांबावंच लागतं. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियातल्या तिरिओलो गावी 1640 मध्ये ब्राँझचा एक पत्रा सापडला. आज तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यावर इ.स.पू. 186 चा सिनेटचा हुकूम कोरलेला आहे. विषय बाक्खस या मद्यदेवाचे उपासक. पुरुषाने पुजारी व्हायचं नाही. सामाईक पैसा जमवायचा नाही. आपसात शपथा घ्यायच्या नाहीत. कुणाला पूजा करायचीच असेल तर रोमला येऊन प्रेटर या न्यायाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, तीही सिनेटमध्ये किमान शंभर सभासद हजर असताना. आणि एकत्र जमायचं तर पाचच जणांनी, दोन पुरुष आणि तीन बाया. मोडलं तर मरण. हा हुकूम लोकांना सहज वाचता येईल अशा जागी लावा, असंही त्याच पत्र्यावर लिहिलं आहे.

रोमन इतिहासकार लिव्ही सात हजारांहून अधिक लोक यात गुंतल्याचं सांगतो, आणि तुरुंगात टाकलेल्यांपेक्षा मारलेले जास्त होते, हेही. दोषी ठरलेल्या बायकांना त्यांच्याच घरच्यांच्या हवाली करत, घरातच शिक्षा द्यायला. बापाने किंवा भावाने.

यावर उत्तर येतं की तो धर्माचा नव्हे, गुन्हेगारीचा प्रश्न होता. लिव्ही विषप्रयोगाचे आणि खोट्या मृत्युपत्रांचे आरोप देतो खरा. पण पत्र्यावर विषाचं नाव नाही. तिथे आहे ती माणसांची मोजणी, पैसा, शपथ, पुजारी. सिनेटला बाक्खसची भीती नव्हती. आपल्याला न विचारता रात्री जमणाऱ्या माणसांची होती.

"छळ ख्रिस्ती सत्तेनंतर सुरू झाला." इ.स. 250 मध्ये सम्राट डीशियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या लोकांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत यातले चाळीसहून जास्त दाखले पपायरसवर टिकून राहिले. मजकूर जवळपास सारखाच: मी आजवर देवांना बळी देत आले आहे, आत्ताही तुमच्यासमोर दिला, मद्य ओतलं, प्रसादाचं मांस चाखलं, तरी खाली तशी नोंद करावी. यातला एक दाखला ऑरेलिया अमोनूस नावाच्या बाईचा आहे. ती कोण, तर पेटेसूखोस या मगरदेवाची पुजारीण! जिचं आयुष्य देवळात गेलं, तिलाही साहेबांपुढे उभं राहून आपण देव मानतो हे लिहून द्यावं लागलं. हा दाखला मला फार बोलका वाटतो. ज्यांनी बळी द्यायला नकार दिला त्यांना कैद झाली, काहींना मृत्यू आला.

ख्रिस्तीच कशाला? ज्यू लोकांना जुन्या परंपरेचे म्हणून सवलती होत्या, पण इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळल्यावर, त्या मंदिराला ते जी वर्गणी देत तीच रोमच्या ज्युपिटरसाठी कर म्हणून वसूल होऊ लागली. आणि इ.स. 302 च्या सुमारास सम्राट डायोक्लीशनने मनी या इराणी धर्मसंस्थापकाच्या अनुयायांबद्दल आफ्रिकेच्या सुभेदाराला लिहिलं: म्होरक्यांना त्यांच्या ग्रंथांसकट जाळा. पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन तेव्हा गादीवरही आला नव्हता.

ख्रिस्ती सम्राटांनी पुढे जे केलं तेही झाकायचं कारण नाही. 391-92 मध्ये थिओडोसियसने बळी आणि देवळातली पूजा बंद केली, अलेक्झांड्रियाचं सेरापिसचं भव्य मंदिर त्याच सुमारास जमीनदोस्त झालं. त्याआधी 384 मध्ये जुने देव मानणाऱ्या सिमाकस या सिनेटरने सम्राटाला विनवलं होतं की एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही. ते वाचताना आजही पोटात तुटतं. मेसेज याच ठिकाणी बरोबर आहे. पण आधीची पाचशे वर्षं पुसून टाकायचा हक्क त्यामुळे मिळत नाही.

राहिली लक्ष्मी. 1938 मध्ये पाँपेईत हस्तिदंताची एक वीतभर भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या डोक्यावरून खाली भोक पाडलेलं आहे. ती आरशाची मूठ किंवा सामानाचा पाय असावी, आणि ती लक्ष्मी की यक्षी यावरही एकमत नाही. तिच्याशी जुळणारी मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली. म्हणजे ती व्यापाऱ्याच्या मालातून तिकडे गेली. उलट बाजूने पाहा: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती निघाली आणि ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ठेवलेली आहे. पंचगंगेकाठी पोसायडनची पूजा होत होती, असं त्यावरून आपण म्हणत नाही.