पिस्ता सॅटिन आणि एक बांगडा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका दुकानदाराने माझ्या खांद्यावर पिस्ता सॅटिन टाकलं, आरशाकडे वळवलं आणि म्हणाला, "तुमच्यासारख्या रंगाला फिकंच बरं." त्या 'तुमच्यासारख्या'वर मी अजून अडकले आहे. आरशात मात्र कावीळ उतरत आलेली एक बाई उभी होती.

पंख्याखाली स्टुलावर एक काका बसले होते, मांडीवर बांगडा माशांची पिशवी. बायको आत अस्तर निवडत होती आणि ते काम चवथीपर्यंत आटपेल असं दिसत नव्हतं.

"बाय, तुका सोबना गो," काका कोकणीत म्हणाले. म्हणजे शोभत नाही.

"काका, तुम्ही कापडाच्या धंद्यातले?"

"ना. हांव नुस्तें खातां."

नुस्तें म्हणजे मासे. एवढ्या अधिकारावर त्यांनी पिशवीतून एक बांगडा काढला आणि सॅटिनच्या घडीला टेकवला. बांगड्याचं चंदेरी पोट हिरवं पडलं. "पळय. नुस्तें पाचवें जालें. मागीर तूं?" मासा हिरवा झाला, मग तुझं काय?

दुकानदार किंचाळला. काका ढिम्म. ते बांगडा घेऊन दाराशी गेले, तिथे तो पुन्हा चंदेरी. "कपडो उजवाडांत व्हरून पळय," कापड उजेडात नेऊन बघ, असं सांगून परत येऊन बसले.

राग याचा की काकांचं बरोबर होतं. गळ्याजवळचं कापड आपला रंग हनुवटीखाली फेकतं. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात लाल कमी, त्यामुळे चेहरा आणखीच उतरतो. त्यात सॅटिनची चमक! आपल्याकडच्या दमट हवेत नाक आधीच चमकत असतं, त्याला जोडीदार कशाला? म्हणून केस मागे बांधायचे, दाराशी सावलीतल्या उजेडात उभं राहायचं, कापड हनुवटीखाली धरायचं आणि कापडाकडे नाही, डोळ्यांखालच्या काळसरपणाकडे बघायचं. तो गडद झाला तर घडी परत. आधी कोरा पांढरा, मग सायीचा पांढरा लावून बघावा. सायीच्या रंगात चेहरा जिवंत झाला तर मोहरी, वीट, गेरू. कोऱ्यात झाला तर राणी, जांभळा, गडद निळा. उजळ की सावळी, हा प्रश्न यात येतच नाही. पण दुकानात सुरुवात तिथूनच होते. कुणबी साडीची लालभडक चौकड उन्हात रापलेल्या खांद्यांवरच वाढली आणि गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडल रॉड्रिक्स यांनी ती फॅशन शोच्या रॅम्पवर नेली; तिला कुणी 'फिकी हो' म्हटलं नाही.

रंग जमला तरी धागा बघायचाच. सर्वसाधारण हवेत 100 ग्रॅम कोरडं सुती कापड साधारण 8.5 ग्रॅम ओल धरतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4. घाम मग कापडात न जाता पाठीवरच ओघळतो आणि दुपारी चेहरा असा होतो की कुठलाच रंग वाचवू शकत नाही. 'प्युअर कॉटन' म्हणणाऱ्याकडून दोन धागे मागून घ्या. घरी चिमट्यात धरून जाळा: कागदाचा वास आणि भुरभुरीत राख आली तर सूत, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही झालं तर मिसळ. सुती कुर्त्याला अडीच मीटर लागणार असेल तर पावणेतीन घ्या आणि बेतण्याआधी रात्रभर भिजवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या कोपराकडे निघतात आणि दोष शिंप्याच्या माथी.

सॅटिनवर बांगड्याच्या पाण्याचा डाग पडला होता. एक मीटर कापून, पैसे माझ्याकडून घेतले गेले. काका तोवर बायकोसोबत निघून गेले होते. सध्या ते सॅटिन मिक्सरवर झाकण म्हणून आहे.

मिक्सर पांढरा आहे. त्यालाही शोभत नाही.