गार्बेज कलेक्शन जावापेक्षा पस्तीस वर्षांनी जुनं आहे

‘जावा येईपर्यंत मेमरी हातानेच मोकळी करावी लागे. १९९५ साली जावाने गार्बेज कलेक्शन शोधलं आणि प्रोग्रामर सुटले. त्याआधीचं सगळं आता इतिहासजमा.’ मुलाखतीच्या तयारीच्या नोट्समध्ये हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय आणि मुलं तो पाठ करतात. गार्बेज कलेक्शन म्हणजे प्रोग्रामला आता न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणं, आणि जावा ही ते करणारी एक प्रोग्रामिंग भाषा. या मजकुरात तीन दावे आहेत, आणि तिन्हींत चूक आहे.

पहिला दावा, जावाने शोधलं. नाही. एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचं काम हाती घेतलं आणि एप्रिल १९६०च्या लेखात ही रीत मांडली. यंत्र होतं आयबीएम ७०४, मेमरीचा एकेक कप्पा ३६ बिटांचा. मोकळ्या कप्प्यांची एक यादी ठेवायची, लागेल तसा तिच्यातून कप्पा घ्यायचा. यादी संपली की प्रोग्रामच्या हाताशी असलेल्या मोजक्या जागांपासून निघायचं आणि दुव्यामागून दुवा धरत जिथवर पोचता येईल तिथवर जायचं. पोचलेल्या प्रत्येक कप्प्याचं अधिक-उणे चिन्ह उणे करायचं. आधीच उणे दिसलं तर इथे येऊन गेलोय, मागे फिरायचं. मग सगळी मेमरी ओळीने तपासायची. उणे नसलेला कप्पा पुन्हा मोकळ्यांच्या यादीत, उणे असलेल्याचं चिन्ह पूर्ववत. हीच मार्क-अँड-स्वीप, म्हणजे आधी खूण करा, मग झाडून घ्या. खुणेसाठी वेगळी जागासुद्धा लागत नाही, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

याची किंमतही मॅकार्थींनी त्याच लेखात सांगितली आहे: एका फेरीला काही सेकंद लागतात, म्हणून दर फेरीत निदान काही हजार कप्पे सुटले पाहिजेत.

लेखात ‘गार्बेज कलेक्शन’ हा शब्द नाही, पण त्यांच्या गटात तो रुळलेला होता. एमआयटीत उद्योगजगतातल्या पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक चाललं होतं. फ्लेक्सोरायटर, म्हणजे विजेवर चालणारा टाइपरायटर, ७०४ला जोडलेला. रंगीत तालमीनंतर मेमरी ताजी करायची राहून गेली होती. ऐन प्रात्यक्षिकात ती संपली आणि फ्लेक्सोरायटर सेकंदाला दहा अक्षरं या गतीने टाइप करू लागला, ‘गार्बेज कलेक्टरला बोलावलं आहे, काही मनोरंजक आकडे पुढीलप्रमाणे’. पानभर मजकूर होता, उरलेला सगळा वेळ त्यातच जाणार होता. मॅकार्थी आणि व्याख्याता दोघांनाही हसू आवरेना. हा प्रसंग मॅकार्थींनीच लिहून ठेवला आहे.

दुसरा दावा, तोवर सगळे हातानेच करत. सी भाषा वापरणारे करत होते, तेवढं खरं. पण लिस्पवाल्यांना ती गरज नव्हती. डिसेंबर १९६०मध्ये जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट दाखवली: प्रत्येक वस्तूकडे किती दुवे येतात ते मोजत राहा, गणती शून्य झाली की जागा मोकळी. डेव्हिड उंगर यांनी १९८४ साली स्मॉलटॉक भाषेसाठी नव्या आणि जुन्या वस्तू वेगळ्या ठेवून नव्यांचीच वारंवार झाडलोट करणारी पद्धत मांडली. पुढे जावाने हे तंत्र रोजच्या औद्योगिक कामात सर्वदूर नेलं. ते श्रेय मोठं आहे आणि जावाला द्यायलाच हवं. पण शोधाचं श्रेय तिचं नाही.

तिसरा दावा, जुनं इतिहासजमा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, मेमरीची पानं वाटतो ती ‘बडी’ (जोडीदार) पद्धतीने: मोठा तुकडा निम्मा-निम्मा करत द्यायचा, दोन्ही जोडीदार मोकळे झाले की पुन्हा जोडायचे. ती केनेथ नोल्टन यांनी १९६५ साली छापली. गो भाषेचा कलेक्टर वस्तू तीन रंगांत विभागतो: अजून न पोचलेल्या, पोचलेल्या पण दुवे तपासायचे राहिलेल्या, आणि तपासून झालेल्या. ती कल्पना डाइक्स्ट्रा, लॅम्पोर्ट आणि सहकाऱ्यांच्या १९७८च्या लेखातली. आणि नेहमीचा पायथॉन आजही कॉलिन्सची गणतीच वापरतो. पडताळून पाहा. एक रिकामी यादी करा, ती तिच्यातच टाका, मग तिचं नाव पुसा. बाहेरून तिच्याकडे जायला वाट उरली नाही, तरी तिचा स्वतःकडचा दुवा शिल्लक आहे, म्हणून गणती एकावर अडकते. १९६०च्या पद्धतीतली ही उणीव भरून काढायला पायथॉनने २००० साली, २.० आवृत्तीत, अशी वर्तुळं शोधणारा वेगळा कलेक्टर जोडला. गणती मात्र तशीच ठेवली.