काका, पडदा!

परवा आमचा रोबो सगळ्यांसमोर जागच्या जागी गोल गोल फिरत बसला आणि एका काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या अजून डोक्यात जातायत.

नाशिकला गंगापूर रोडवर लाइन फॉलोअरची स्पर्धा होती. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी टेप, रोबोने ती पकडून शेवटपर्यंत जायचं, मधे हात लावला की बाद. बस.

काका कुणाचे तरी पालक, कुणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या ट्रॅकलाच खुर्ची ओढून बसले.

"रिमोट कुठाय?"

"रिमोट नसतो काका, तो आपला आपण चालतो."

"मग तुम्ही काय करता?"

"प्रोग्रॅम लिहिलाय ना."

"ते झालं रे, आत्ता काय करताय?"

आता काय बोलणार. हात न लावता उभं राहणं हे काम आहे हे आमच्या घरीच कुणाला पटलेलं नाही. मग काकांनी अंबडच्या कंपनीतल्या लेथची गोष्ट काढली, तीही म्हणे आपोआप चालायची, फक्त माणूस लागायचा.

आणि आपोआप म्हणजे काय फुकट होतं का? चाकं फिरवणाऱ्या त्या पिवळ्या बीओ मोटर एमजी रोडवरून एकाच पिशवीतून घेतल्या तरी एक पळते, दुसरी रेंगाळते, वर मोटरना करंट पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर बॅटरीतले दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, हे सगळं सांभाळत पीआयडीचे, म्हणजे लाइनवरून ढळला की किती वळायचं त्याचे, आकडे जुळवताना रात्री गेल्यात आमच्या.

तर आमचा नंबर आला आणि काका उठले. "अंधारात काय दिसणार रे पोरांनो!" म्हणत पश्चिमेच्या खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला. उन्हात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड, ठासून भरलेलं, आणि आमचे सेन्सर बघतात तेच, पांढऱ्यावरून जास्त परत येतं, काळ्यावरून कमी, एवढाच त्यांचा संसार. ऊन पडलं, सगळंच पांढरं! लाइन हरवली तर शेवटी दिसली त्या बाजूला वळत शोधायची असं कोडमधे होतं, त्याने बिचाऱ्याने इमानदारीत शोधली.

"अरे बघा, गरबा खेळतोय!" टाळ्या.

परीक्षक म्हणे, रोबोला उजेड झेपला पाहिजे. मान्य सर, पण मग सकाळी पडदे लावून कॅलिब्रेशन करायला, म्हणजे सेन्सरला काळं-पांढरं दाखवून आकडे ठरवायला, कुणी सांगितलं? परत रन मागितला तर वेळ नाही, पाहुण्यांच्या भाषणाला मात्र वेळच वेळ.

पुढच्या टीमचा रोबो ट्रॅकवर ठेवला आणि काकांनीच उठून पडदा लावला. डोळ्यावर ऊन येत होतं म्हणे. ती टीम दुसरी आली.